रेडिओ–कंप्रता प्रवाह : आकाशक व पोषक वाहिन्यांतील

रेडिओ तरंगांच्या कंप्रतेने (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येने) दिशा बदलणाऱ्या प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहास रेडिओ–कंप्रता प्रवाह म्हणतात. काही किलोहर्ट्‌झपासून शेकडो गिगॅहर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रता सर्वसाधारणपणे या वर्गात मोडतात. प्रेषकात निर्माण झालेली शक्ती या प्रवाहाच्या द्वारे पोषक वाहिनीतून आकाशकाकडे, म्हणजे अँटेनाकडे, नेली जाते व तेथून ती विद्युत् चुंबकीय तरंगांच्या रूपाने अवकाशात पसरते. ग्राहीच्या बाबतीत हा क्रम उलट असतो. येणाऱ्या तरंगामुळे आकाशकात अत्यंत क्षीण प्रवाह प्रवर्तित होतो आणि पोषक वाहिनी तो ग्राहीपर्यंत पोहोचविते.

घरातील विजेच्या मंडलात एका तारेतून जाणारा प्रवाह त्या तारेच्या सर्व भागांत एका क्षणी सारखाच असतो असे गृहीत धरता येते. पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्यामुळे तरंगलांबी सु. ६,००० किमी. भरते आणि तिच्या मानाने घरातील तारेची लांबी नगण्य असते. रेडिओ कंप्रतेस ही सोय उरत नाही. १०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेस तरंगलांबी ३ मी. असते, त्यामुळे दीड मीटर अंतरावरील दोन बिंदूंत एकाच क्षणी प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहत असू शकतो. म्हणून ‘या तारेत किती प्रवाह आहे’ हा प्रश्न येथे अपुरा ठरतो. तारेच्या कोणत्या बिंदूपाशी, किती व कोणत्या कलेत प्रवाह आहे, असे विचारावे लागते.

आकाशक व पोषक वाहिनी ही दोन्ही धातूच्या संवाहकांचीच बनलेली असतात. मग एकाने तरंग प्रसारित करावे आणि दुसरीने करू नये, हे कसे घडते? पोषक वाहिनीच्या दोन संवाहकांतून समान व विरुद्ध दिशांचे प्रवाह वाहतात आणि ते संवाहक तरंगलांबीच्या मानाने अगदी जवळ असतात. दूरच्या बिंदूपाशी त्यांचे परिणाम एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे नाहीसे करतात. आकाशकातील प्रवाहास असा जवळचा विरुद्ध जोडीदार नसतो. म्हणून त्यापासून प्रारण होते. आकाशक व पोषक वाहिनी यांतील भेद अशा रीतीने धातूत किंवा आकारात नसून प्रवाहांच्या मांडणीत आहे. पोषक वाहिनीतील समतोल बिघडला की तीही आकाशकासारखी वागू लागते. या विषयातील बहुतेक व्यावहारिक अडचणींचे मूळ येथेच सापडते.

इतिहास : विद्युत् चुंबकीय तरंगांचे भाकीत जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी सिद्धांताच्या आधारे केले. हाइन्‍रिख हर्ट्‌झ (१८५७–९४) यांनी १८८७–८८ मध्ये मधोमध ठिणगीफट असलेल्या द्विध्रुव आकाशकाच्या साहाय्याने ते तरंग प्रत्यक्ष निर्माण करून दाखविले. त्याच सुमारास ऑलिव्हर हेव्हिसाइड (१८५०–१९२५) यांनी तारमार्गातील प्रवाह व विद्युत् दाब यांची समीकरणे मांडली. विद्युत् शक्ती धातूच्या आतून नव्हे, तर संवाहकांभोवतीच्या विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून वाहते, हे जॉन हेन्‍री पॉयंटिंग (१८५२–१९१४) यांनी १८८४ मध्ये दाखविले. एर्न्स्ट लेखर (१८५६–१९२६) यांनी १८९० मध्ये दोन समांतर तारांवरील स्थिर तरंगांचा प्रयोग प्रसिद्ध केला. तारांवर आडवा संवाहक सरकवून ठराविक अंतरांवर येणारे निस्पंद शोधता येतात व त्यांवरून तरंगलांबी मोजता येते, हे त्यावरून स्पष्ट झाले. गूल्येल्मो मार्कोनी (१८७४–१९३७) यांनी आकाशकाचे एक टोक जमिनीस जोडून मोठे अंतर गाठले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सी. एस. फ्रँक्लिन (१८७९–१९६४) यांनी लघुतरंगांच्या दिशिक आकाशकांसाठी एकात एक बसविलेल्या तांब्याच्या नळ्यांच्या पोषक वाहिन्या वापरल्या. अमेरिकेतील लॉइड एस्पेनशीड व हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये दूरध्वनी व दूरचित्रवाणी संदेशांच्या वहनासाठी समाक्ष वाहिनीच्या एकस्वाचा अर्ज केला.

प्रवाहाचे स्वरूप : रेडिओ–कंप्रता प्रवाहात इलेक्ट्रॉन प्रेषकापासून आकाशकापर्यंत प्रवास करतात, अशी समजूत आढळते, ती बरोबर नाही. धातूतील इलेक्ट्रॉनांचा सरासरी अपवाह वेग सेकंदास मिलिमीटरच्या अंशाइतका असतो आणि सेकंदास लक्षावधी वेळा त्याची दिशा बदलते. त्यामुळे मध्यम तरंगांच्या कंप्रतेस नेहमीच्या प्रवाहघनतेत इलेक्ट्रॉनाची मागेपुढे होणारी हालचाल अणूच्या व्यासापेक्षाही कमी भरते. प्रवास करते ती क्षेत्रांतील ऊर्जा. उघड्या तारांच्या वाहिनीत तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास असतो, तर भरीव पॉलिएथिलीन निरोधक असलेल्या समाक्ष केबलीत तो प्रकाशाच्या वेगाच्या सु. ६६ टक्के असतो.

कंप्रता वाढत जाते तसा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागाकडे एकवटत जातो. यास त्वक् परिणाम म्हणतात. प्रवाहघनता पृष्ठभागावरील मूल्याच्या सु. ३७ टक्के होते ती खोली तांब्याच्या बाबतीत ५० हर्ट्‌झला सु. ९ मिमी., १ मेगॅहर्ट्‌झला सु. ०·०६६ मिमी. व १०० मेगॅहर्ट्‌झला सु. ०·००७ मिमी. असते. याचे दोन परिणाम महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, संवाहकाचा गाभा निरुपयोगी ठरतो. म्हणून मोठ्या शक्तीच्या जोडण्यांत भरीव सळईऐवजी पोकळ नळी चालते आणि पृष्ठभागावर चांदीचा मुलामा दिल्यास लाभ होतो. दुसरा परिणाम असा की, धातूच्या नळीचा आतील पृष्ठभाग व बाहेरील पृष्ठभाग हे जणू दोन स्वतंत्र संवाहक होतात. नळी एकच असली, तरी आतून एक प्रवाह व बाहेरून दुसराच प्रवाह वाहू शकतो. समाक्ष केबलीचे वर्तन समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आकाशकातील प्रवाह : द्विध्रुव आकाशकाची दोन्ही टोके मोकळी असतात. मोकळ्या टोकापुढे तार नसल्यामुळे तेथे तारेतील प्रवाह शून्य असला पाहिजे. टोकाकडे जाणारा तरंग तेथून परावर्तित होतो आणि जाणारा व परतणारा तरंग यांच्या संयोगाने स्थिर तरंग निर्माण होतो. तारेची एकूण लांबी तरंगलांबीच्या निम्मी असल्यास मध्यभागी प्रवाहाचा प्रस्पंद (कमाल मूल्याचा बिंदू) व टोकांशी निस्पंद (शून्य किंवा किमान मूल्याचा बिंदू) येतो. मध्य व टोक यांच्या बरोबर मध्यावर प्रवाह कमाल मूल्याच्या सु. ७१ टक्के असतो. विद्युत् दाबाचे याच्या उलट असते. तो मध्याशी कमी व टोकांशी फार जास्त असतो. म्हणून आकाशकाची टोके चांगल्या निरोधकांनी बांधावी लागतात, तर प्रारणात मोठा वाटा असलेला मधला भाग शक्यतो उंच व मोकळा ठेवणे हितावह असते.

मोकळ्या टोकाशी मंडल तुटलेले दिसत असतानाही प्रवाह कसा वाहतो, याचे उत्तर मॅक्सवेल यांच्या विस्थापन प्रवाहाच्या कल्पनेत मिळते. आकाशकाच्या दोन भुजांवर आलटूनपालटून धन व ऋण विद्युत् भार साठतात. त्यांच्यामधील बदलते विद्युत् क्षेत्र हेच मंडल पूर्ण करते [⟶ विद्युत् चुंबकीय तरंग].

अर्धतरंग द्विध्रुवाच्या मध्याशी मोजलेला रोध मोकळ्या अवकाशात सु. ७३ ओहम असतो. यातील बहुतेक भाग हा प्रारण रोध होय. तारेत उष्णता निर्माण करणारा हा रोध नव्हे. तरंगांच्या रूपाने निघून जाणारी शक्ती त्याने दर्शविली जाते. अशा आकाशकास १०० वॉट शक्ती दिल्यास मध्याशी सु. १·१७ अँपिअर प्रवाह वाहतो. तारेची जाडी व टोकांचा परिणाम यांमुळे प्रत्यक्ष लांबी गणिताने येणाऱ्या लांबीपेक्षा सु. ५ टक्के कमी ठेवावी लागते. उदा., ७·१ मेगॅहर्ट्‌झसाठी अर्धी तरंगलांबी सु. २१ मी. असली, तरी तार सु. २० मी. लांब घेतात.

तार अर्ध्या तरंगलांबीहून लांब केल्यास प्रत्येक अर्ध्या तरंगलांबीनंतर प्रवाहाची दिशा उलटते. अशा तारेच्या लगतच्या भागांचे प्रारण तारेशी काटकोनातील दिशेत एकमेकांस मारक ठरते. विरुद्ध दिशेचा प्रवाह असलेला भाग दुमडून किंवा वेटोळ्यात गुंडाळून त्याचे प्रारण दाबले, तर उरलेले भाग एकाच कलेत काम करतात. फ्रँक्लिन यांच्या आकाशकांत हीच युक्ती योजलेली होती.

मनोरा व जमीन : मध्यम तरंगांच्या प्रक्षेपणासाठी बहुधा पोलादी मनोराच आकाशक म्हणून वापरतात. मनोरा चिनी मातीच्या भक्कम निरोधकावर उभा केलेला असतो व तळाशी त्यास शक्ती पुरविली जाते. पाव तरंगलांबी उंचीच्या अशा मनोऱ्यात तळाशी प्रवाह सर्वांत जास्त व शिखराशी शून्य असतो. द्विध्रुवाच्या दुसऱ्या भुजेची जागा येथे जमीन घेते. मनोऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाहाइतकाच प्रवाह जमिनीतून गोळा होऊन तळाशी परत यावा लागतो. आदर्श संवाहक भूपृष्ठावर पाव तरंगलांबीच्या मनोऱ्याचा प्रारण रोध सु. ३६·५ ओहम असतो. जमिनीचा रोध त्याच्याशी एकसरीत येतो आणि त्यात खर्च होणारी शक्ती केवळ माती तापविते. जमिनीचा रोध २ ओहम असल्यास सु. ९५ टक्के शक्ती प्रसारित होते, तर तो १२ ओहम असल्यास सु. ७५ टक्केच होते. मनोरा आखूड असेल, तर हानी आणखी वाढते. तरंगलांबीच्या १/१६ उंचीच्या मनोऱ्याचा प्रारण रोध केवळ सु. १·५ ओहम असतो. तेथे जमिनीचा २ ओहम रोधसुद्धा निम्म्याहून अधिक शक्ती गिळून टाकतो.

हा रोध कमी करण्यासाठी मनोऱ्याच्या तळापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तांब्याच्या तारा जमिनीत पुरतात. जी. एच. ब्राउन, आर. एफ. ल्यूइस व जे. एपस्टाइन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांनंतर सु. १२० तारा पुरण्याची पद्धत रूढ झाली. या तारा डोळ्यांआड असतात. त्यामुळे नांगरट, खोदकाम, गंज किंवा चोरी यांमुळे त्या तुटल्यास मनोरा जसाच्या तसा उभा दिसतो. पण दूरच्या गावांत आवाज क्षीण होतो. प्रेषकात दोष शोधत बसण्यापूर्वी जमिनीतील परतीचा मार्ग तपासणे म्हणूनच अगत्याचे असते.

पोषक वाहिनी : पोषक वाहिनीचे दोन मुख्य प्रकार आहेत. समांतर तारांची वाहिनी दोन सारख्या संवाहकांची असते. समाक्ष केबलीत मधली तार व तिच्याभोवती जाळीचे किंवा पत्र्याचे नळीसारखे आवरण असून दोहोंत निरोधक असतो. प्रत्येक वाहिनीच्या एकक लांबीस काही प्रवर्तकत्व व काही धारकता असते. हानी नगण्य मानल्यास पहिल्यास दुसरीने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ म्हणजे त्या वाहिनीचा लाक्षणिक संरोध होय. केबलीवर ‘५० ओहम’ किंवा ‘७५ ओहम’ असे लिहिलेले असते ते यासच अनुलक्षून. साध्या ओहममापकाने तो मोजता येत नाही; एकाच दिशेने जाणाऱ्या तरंगातील विद्युत् दाब व प्रवाह यांचे ते गुणोत्तर असते.

वाहिनीच्या टोकाशी तिच्या लाक्षणिक संरोधाएवढा रोध जोडला, तर सर्व शक्ती त्यात शोषली जाते व वाहिनीवर सर्वत्र प्रवाहाचे परिणामी मूल्य सारखे राहते. टोकाचा संरोध वेगळा असेल, तर काही शक्ती परावर्तित होऊन स्थिर तरंग निर्माण होतो. उदाहरणार्थ, ५० ओहम केबलीच्या टोकाशी १०० ओहम रोधाचा आकाशक असून त्यास १०० वॉट शक्ती मिळत आहे असे समजू. आकाशकाशी प्रवाह १ अँपिअर असतो. ७·१ मेगॅहर्ट्‌झला पॉलिएथिलीनच्या केबलीत सु. ७ मी. मागे, म्हणजे केबलीतील पाव तरंगलांबीवर, तो २ अँपिअर होतो. तेथे आकाशक २५ ओहमचा असल्यासारखा भासतो. दोन्ही ठिकाणी आकाशकाकडे जाणारी निव्वळ शक्ती १०० वॉटच असते. कमाल व किमान प्रवाहांच्या या गुणोत्तरास स्थिर तरंग गुणोत्तर म्हणतात. येथे ते २ आहे. एकाच ठिकाणी मोजलेल्या प्रवाहावरून शक्तीचा अंदाज बांधणे किती फसवे असते, हे यावरून दिसून येईल.

परावर्तित शक्ती पूर्णपणे वाया जाते, ही समजूतही दुरुस्त करावयास हवी. प्रेषकाच्या बाजूस योग्य जुळणी मंडल असल्यास ती पुन्हा आकाशकाकडे वळविली जाते. हानी होते ती केबलीतून जादा फेऱ्या मारताना. केबल उत्तम असेल, तर २ स्थिर तरंग गुणोत्तरामुळे होणारी अधिक हानी क्षुल्लक असते. उलट केबल निकृष्ट असेल, तर प्रेषकापाशी मोजलेले चांगले गुणोत्तर दिशाभूल करते. एका फेरीत निम्मी शक्ती खाणाऱ्या केबलीचा आकाशक तुटून पडला, तरी परत येणारी शक्ती चतुर्थांशच उरते व मापक सु. ३ गुणोत्तर दाखवितो. मग दोष सौम्य वाटतो.

समाक्ष केबलीवरील तिसरा प्रवाह : समाक्ष केबलीच्या मधल्या तारेतून जाणाऱ्या प्रवाहाचा जोडीदार आवरणाच्या आतील पृष्ठभागावरून उलट दिशेने वाहतो. ही जोडी आतल्या आत बंदिस्त असते. परंतु केबलीचे टोक सरळ द्विध्रुवास जोडले, तर आवरणातून आलेल्या प्रवाहापुढे दोन वाटा असतात : एक द्विध्रुवाच्या भुजेची व दुसरी आवरणाच्या बाहेरील पृष्ठभागाची. बाहेरील पृष्ठभागावर उतरलेल्या प्रवाहास जवळचा विरुद्ध जोडीदार नसतो. त्यामुळे केबल स्वतःच आकाशक बनते. या प्रवाहास समदिश प्रवाह म्हणता येईल.

त्याचे परिणाम अनेक आहेत. आकाशकाची दिशिकता बिघडते. प्रेषकाच्या धातूच्या पेटीवर रेडिओ कंप्रतेचा दाब येऊन ध्वनिग्राहकास ओठ लागताच चटका बसतो. शेजारच्या ध्वनिवर्धकात व दूरध्वनीत आवाज घुसतो. केबलीची लांबी बदलल्यावर किंवा तिला हात लावल्यावर मापकाचा काटा हलू लागला, तर समदिश प्रवाहाचा संशय घ्यावा. ग्रहणाच्या वेळी हीच वाट उलट चालते. घरातील विद्युत् उपकरणांचा गोंगाट केबलीच्या बाहेरील पृष्ठभागावरून आकाशकापर्यंत चढतो व तेथून आत शिरून ग्राहीत येतो. अशा वेळी आकाशक कितीही उंच नेला, तरी गोंगाट अपेक्षेप्रमाणे कमी होत नाही.

यावरील उपाय सोपा आहे. आकाशकाच्या जोडबिंदूशी केबलीवर फेराइटची कडी ओवतात किंवा फेराइटच्या कड्यातून केबलीचे काही वेढे घेतात. बाहेरील प्रवाहास त्यामुळे मोठा संरोध लाभतो. आतील जोडीची चुंबकीय क्षेत्रे मात्र परस्परांस छेदून टाकत असल्याने तिच्यावर परिणाम होत नाही. समतोल आकाशक व असमतोल केबल यांची सांगड घालणाऱ्या या साधनास बॅलन म्हणतात. केबल आकाशकापासून काटकोनात दूर नेणेही उपकारक ठरते.

मापन : रेडिओ–कंप्रता प्रवाह मोजण्यासाठी पूर्वी तपयुग्म अँपिअरमापक प्रचलित होता. त्यात प्रवाहाने एक बारीक तार तापते व तपयुग्मात उत्पन्न होणारा एकदिश विद्युत् दाब मोजला जातो. त्यामुळे कंप्रता कोणतीही असली, तरी परिणामी मूल्य मिळते. फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेले प्रवाह रोहित्र संवाहकाभोवती बसविले, की तार न तोडता प्रवाह मोजता येतो. असे कडे संपूर्ण समाक्ष केबलीभोवती बसविल्यास आतील समान व विरुद्ध प्रवाहांची बेरीज शून्य होते व मापकावर फक्त समदिश प्रवाहाचे वाचन मिळते. म्हणजेच मापकाने शून्य दाखविणे हे येथे वाहिनीच्या निर्दोषतेचे लक्षण होय.

महाराष्ट्रातील उदाहरणे : महाराष्ट्रात या तत्त्वांचा पहिल्या काळातील मोठा उपयोग १९२७ मध्ये सुरू झालेल्या भारत–इंग्‍लंड लघुतरंग तारसेवेत झाला. पुण्याजवळील खडकी येथे प्रेषण केंद्र व दौंड येथे ग्रहण केंद्र उभारण्यात आले. प्रेषकाचे बलवान क्षेत्र क्षीण संदेशांत मिसळू नये, म्हणून दोन्ही केंद्रे एकमेकांपासून दूर ठेवण्यात आली. या सेवेत मार्कोनी कंपनीची फ्रँक्लिन पद्धतीची दिशिक योजना वापरली होती. अशा योजनेत एका ओळीतील अनेक उभ्या तारांना एकाच कलेतील प्रवाह मिळणे आवश्यक असते. त्यासाठी प्रेषकापासून प्रत्येक तारेपर्यंतचे नळ्यांचे मार्ग समान लांबीचे ठेवतात. लांबीतील फरक म्हणजे कलेतील फरक, आणि कलेतील फरक म्हणजे शलाकेची चुकलेली दिशा, असा हा हिशेब असतो.

मराठवाड्यात आकाशवाणीच्या परभणी केंद्राच्या मध्यम तरंग प्रक्षेपणासाठी १,३०५ किलोहर्ट्‌झ ही कंप्रता योजण्यात आली. हिचे तरंग सु. २३० मी. लांबीचे असून त्यांची पाव तरंगलांबी सु. ५७ मी. भरते. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा काढलेला जिल्हा असून हिंगोली शहर परभणीपासून सरळ रेषेत सु. ६५ किमी. आहे. दिवसा इतक्या अंतरावर मध्यम तरंग पोहोचतात ते भूपृष्ठालगतच्या तरंगाने; त्यामुळे मनोऱ्याखालच्या जमिनीइतकीच वाटेतील जमीनही महत्त्वाची ठरते. बेसाल्ट खडकापासून झालेली काळी, चिकण माती ओलावा धरून ठेवते व ओली असताना कोरड्या मुरमाड जमिनीपेक्षा विजेची चांगली संवाहक असते. उन्हाळ्यात ती सुकून भेगाळते तेव्हा तिचा रोध वाढतो. मनोऱ्याच्या तळाशी मातीवर न विसंबता तांब्याच्या तारा पुरण्याचे हे एक कारण आहे. अशा ठिकाणी २० किलोवॉट शक्ती ५० ओहम वाहिनीतून न्यावयाची झाल्यास २० अँपिअर प्रवाह व १,००० व्होल्ट परिणामी दाब येतो. पूर्ण परमप्रसर विरूपणाच्या वेळी दाबाचे शिखरमूल्य सु. २,८०० व्होल्टपर्यंत चढते. वाहिनीचे निरोधन या शिखरमूल्यास टिकेल असे निवडावे लागते.

पुणे जिल्ह्यातील खोडदजवळील महाकाय मीटर–तरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण होय. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मी. व्यासाचे ३० अन्वस्तीय आकाशक आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात व १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन शाखांवर आहेत. प्रेषकाच्या मनोऱ्यात दहापाच अँपिअर वाहतात, तर येथे दूरच्या दीर्घिकांकडून आलेला प्रवाह इतका सूक्ष्म असतो की, केबलीतील थोडी हानीही परवडत नाही. म्हणून नाभीजवळच विवर्धक बसवून संदेश मजबूत करतात व पुढे तो ऑप्टिकल तंतूंतून मध्यवर्ती इमारतीकडे नेतात. समाक्ष केबल १०० मीटरला निम्मी शक्ती खात असेल, तर एका किमी.अखेर सु. एक हजारांश भागच उरेल. तंतूची निवड का करावी लागते, हे यावरून समजेल. अशा दुर्बिणीस परिसरातील विद्युत् तारांचाही उपद्रव होतो. सैल जोडावर किंवा सदोष निरोधकावर ठिणगी पडते, तिचा रेडिओ–कंप्रता प्रवाह तारेवरून पसरतो व ५० हर्ट्‌झ वाहून नेण्यासाठी टाकलेली तार नकळत आकाशक बनते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो–इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा नियोजित असून तिच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. परस्परांशी काटकोन करणाऱ्या ४ किमी. लांबीच्या दोन भुजांतील लेसर प्रकाशाच्या व्यतिकरणावर तिचे कार्य आधारलेले आहे. रेडिओ संदेश पकडणे हे तिचे काम नव्हे. तरीही रेडिओ–कंप्रता प्रवाहाशिवाय तिचे चालणार नाही. अमेरिकेतील याच धर्तीच्या वेधशाळांत आरसे योग्य जागी रोखून धरण्यासाठी लेसर प्रकाशाचे सु. ९ व ४५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतांनी विरूपण करतात. प्रकाश–अभिज्ञातकातून निघणारा त्याच कंप्रतेचा प्रवाह समाक्ष केबलीने पुढील मंडलास दिला जातो व तेथे त्याची कला मूळ प्रवाहाच्या कलेशी ताडून पाहतात. पॉलिएथिलीनच्या केबलीत ४५ मेगॅहर्ट्‌झची तरंगलांबी सु. ४·४ मी. असते. म्हणजे केबलीच्या लांबीत सु. १·१ मी. फरक पडला, तर कला ९०° ने सरकते आणि हवा असलेला संदेश एका वाचनातून नाहीसा होऊन दुसऱ्यात उमटतो. केबलीच्या बाहेरील पृष्ठभागावरून आलेला परका प्रवाह या संदेशात मिसळणे तर अधिकच घातक; म्हणून अशा वेधशाळांत परिसरातील रेडिओ तरंगांवर रेडिओ ग्राहींनी सतत लक्ष ठेवले जाते.

सुरक्षितता : रेडिओ–कंप्रता प्रवाहामुळे नेहमीच्या विजेसारखा झटका बहुधा बसत नाही, त्यामुळे तो निरुपद्रवी असल्याचा गैरसमज होतो. प्रत्यक्षात तो स्पर्शबिंदूशी त्वचा व तिच्याखालील ऊतक जाळतो. वरून लहान दिसणारी जखम खोल असू शकते. तळाशी निरोधित केलेला मनोरा संपूर्णपणे विद्युत् भारित असतो. त्यावर बसलेल्या पक्ष्यास इजा होत नाही, कारण त्याच्यातून जमिनीकडे वाट मिळत नाही. जमिनीवर उभे राहून मनोऱ्यास स्पर्श करणाऱ्या माणसाच्या शरीरातून मात्र प्रवाह जमिनीत जातो. म्हणून मनोऱ्याभोवती कुंपण घालतात, प्रेषक बंद करून मनोरा जमिनीस जोडल्याखेरीज त्यावर काम करीत नाहीत आणि विजेपासून संरक्षणासाठी तळाशी ठिणगीफट ठेवतात. मनोऱ्यास आधार देणाऱ्या ताण तारा ठराविक अंतरांवर निरोधक घालून तुकड्यांत विभागतात, नाहीतर त्याही आकाशकाप्रमाणे प्रवाह वाहू लागतात. प्रबल प्रेषकाजवळील लांब तारेचे कुंपण, पत्र्याचे छप्पर किंवा यारीची लोंबती साखळी यांतही प्रवाह प्रवर्तित होतो. अशा वस्तू प्रेषकाच्या वाहिनीस कोठेही जोडलेल्या नसतात. तरीही त्यांना स्पर्श करण्यापूर्वी त्या नीट भूसंयोजित असल्याची खात्री करून घेणे आवश्यक असते.